हिशेबाची वर्गणी

माणूस आधी कर्ज काढायला शिकला की हिशेब लिहायला, हा वाद कोंबडी आणि अंड्याच्या वादाइतकाच जुना आहे. फरक एवढाच की, या वादात थोडाफार पुरावा उपलब्ध आहे. आजच्या इराकमध्ये उरुक नावाचे एक प्राचीन शहर होते. तिथे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या. जगातल्या सर्वांत जुन्या लिखाणात त्यांची गणना होते. आता इतके जुने लिखाण म्हटल्यावर आपल्याला वाटणार, की त्यात एखादी प्रार्थना असेल, एखाद्या विरहिणीचे पत्र असेल. निघाले काय? तर अमक्याकडून इतके जव आले, तमक्याला इतकी बियर दिली! म्हणजे मानवजातीचा पहिला लेखक हा कवी नव्हता, ऋषी नव्हता, तो कारकून होता. ही माहिती मी आमच्या शाखेत मोठ्या अभिमानाने सांगितली, तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून बघत एवढेच विचारले, "पण त्याचं टॅली झालं होतं का?"

त्याच मुलखात पुढे कर्जमाफीही निघाली. बॅबिलोनच्या अम्मीसदुका नावाच्या राजाने इसवी सनापूर्वी सतराव्या शतकात प्रजेची धान्याची आणि चांदीची काही कर्जे रद्द केल्याचे फर्मान आजही वाचायला मिळते. आणि हे निवडणूक जवळ आलेली नसताना! तेव्हा हिशेब, कर्ज आणि माफी ही तिन्ही भावंडे एकाच घरातली. त्यांतले तिसरे भावंड आपल्यासारख्या पगारदार माणसाच्या घरी सहसा येत नाही, म्हणून पहिल्या दोघांशीच आपल्याला जमवून घ्यावे लागते.

हे सगळे उकरून काढायला निमित्त झाले आमच्या धाकट्या मेहुण्याचे. त्याच्या क्रेडिट कार्डावर एक लाखाचे कर्ज साचले आहे. कसे साचले हे विचारू नये. पावसाळ्यात गच्चीवर पाणी साचते तसे ते साचते. परवा तो आला आणि म्हणाला, "भावोजी, मी कर्ज फेडायचं ठरवलंय."

"उत्तम!" मी म्हणालो.

"त्यासाठी एक सॉफ्टवेअर घेतोय. घरखर्चाचं अंदाजपत्रक करून देतं. वर्षाला फक्त एकशे नऊ डॉलर!"

'फक्त' हा शब्द ज्याने मराठीत आणला त्याने कर्जाचा अर्धा धंदा एकहाती वाढवला असला पाहिजे. चेकवर रकमेपुढे 'फक्त' लिहायचे ते रक्कम कुणी वाढवू नये म्हणून. खरेदीत मात्र तोच शब्द रक्कम वाढवायला वापरतात. "तुम्ही बँकेत आहात, तेव्हा तुम्हीच सांगा, घेऊ की नको?" असे म्हणून त्याने तो प्रश्न माझ्या गळ्यात बांधला. बँकेतल्या माणसाला पैशांतले कळते, हा समाजाचा एक जुना समज आहे. पोस्टमनला पत्रांतले कळते असे मात्र कुणी म्हणत नाही. तरी पण प्रश्न वाणिज्य शाखेच्या पदवीधराला विचारला होता, आणि मेहुण्यासमोर 'बघून सांगतो' यापलीकडे माघार घेता येत नाही. म्हणून मी बघायला लागलो, आणि बघता बघता थेट व्हेनिसला पोचलो.

व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली नावाच्या एका ख्रिस्ती भिक्षूने गणितावर एक जाडजूड ग्रंथ छापला. त्यात व्यापाऱ्यांच्या द्विनोंदी पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार एकदा जमेला आणि एकदा नावे टाकायच्या पद्धतीचे, सविस्तर वर्णन होते. पद्धत त्याने शोधून काढली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते. पण पुस्तक त्याने लिहिले, आणि पुढच्या पाचशे वर्षांत कॉमर्सच्या पोरांनी जे जे भोगले त्याचे श्रेय बिचाऱ्याच्या खात्यावर पडले. ज्याने स्वतःजवळ काही न ठेवण्याचे व्रत घेतले होते, त्याने जगाला सगळे कसे मांडून ठेवावे हे शिकवले! त्याने तीन वह्या सांगितल्या: एक कच्ची टिपणवही, दुसरी रोजकीर्द आणि तिसरी खतावणी. वहीच्या आरंभी क्रुसाची खूण करून देवाचे नाव घ्यावे असेही सांगितले. आपल्याकडे वहीच्या डोक्यावर 'श्री' लिहितात आणि लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतात. पैशाच्या व्यवहारात माणसाचा माणसावर विश्वास नसला की दोन्ही धर्मांत देवाला साक्षीला बोलावतात, एवढाच त्याचा अर्थ.

आता हिशेब चोख ठेवला म्हणजे कर्ज फिटते, असे मेहुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांचे म्हणणे. ते खरे असते तर पेशव्यांच्या डोक्यावर एका कवडीचेही देणे राहिले नसते! हिशेब लिहावा तो मराठ्यांच्या दप्तराने. फडणीस हा शब्दच मुळी फर्दनवीस, म्हणजे हिशेबाचे कागद लिहिणारा, यावरून आला. पेशवे दप्तरातले मोडी कागदांचे हजारो रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही बांधून ठेवलेले आहेत. घोड्याच्या चंदीपासून देवाच्या तेलवातीपर्यंत सगळे लिहिलेले. आणि तरीही थोरल्या बाजीरावांसारखा लढवय्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना पत्र लिहून कर्जाचे रडगाणे गातो, सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची साल निघाली म्हणतो! ज्याला रणांगणावर निजामाने अडवले नाही, त्याला पुण्यातल्या सावकाराने अडवले. पुढे माधवराव पेशवे थेऊरला १७७२ साली वारले. मृत्यूच्या आधी त्यांनी शेवटच्या इच्छेची जी कलमे लिहून ठेवली त्यांत कर्ज फेडण्याचे कलम होते. सत्तावीस वर्षांचा तो मुलगा क्षयाने मरतो आहे आणि डोक्यात आहे देणे! हे वाचताना मात्र माझ्यातला विनोदी लेखक थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला.

यातून घ्यायचा धडा असा, की हिशेब म्हणजे आरसा. आरशात बघून माणूस बारीक होत नाही. पेशव्यांच्या कारकुनांनी प्रत्येक रुपयाची नोंद केली; पण मोहीम थांबवायची की नाही हे कारकुनाच्या हातात नव्हते.

दुसरा धडा आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा. १२ मे १८७५, बाजारचा दिवस. आसपासच्या गावांचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मागितले काय? तर वह्या आणि कर्जरोखे! त्या ताब्यात घेतल्या आणि भर बाजारात जाळल्या. धान्याची दुकाने लुटली गेली, काही ठिकाणी घरेही पेटली. पण मुख्य राग कागदावर होता. हे लोण मग नगर जिल्ह्यातही पोचले. इतिहासाच्या पुस्तकात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. माझ्या मते तो जगातला हिशेबतपासणीचा सर्वांत कडक प्रकार होता.

त्यांचा राग समजून घ्यायचा तर कागद कसा वाढत होता ते बघावे लागते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे चालेल असे ठरले. हेतू चांगला होता: व्याज फार साचू नये. सावकाराने त्यावर तोडगा काढला. तीन वर्षे भरत आली की राहिलेले मुद्दल आणि व्याज यांची बेरीज करायची, तिलाच नवे मुद्दल म्हणायचे आणि नवा रोखा करून खाली कुळाचा अंगठा घ्यायचा. म्हणजे कर्ज कुळाचे, पण वही सावकाराची, लेखणी सावकाराची आणि बेरीजही सावकाराची. कुळाचे काय? तर अंगठा.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. शिवाय कुळाला तीन हक्क दिले: भरलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक! हे वाचल्यापासून आमच्या काउंटरसमोर पासबुक छापून घ्यायला जी रांग लागते तिच्याकडे मी जरा आदराने बघू लागलो आहे. ज्या हक्कासाठी माणसांनी वह्या जाळल्या, तो हक्क आज मशीनमधून करकर आवाज करत बाहेर येतो आणि आजोबा म्हणतात, "अहो, शाई जरा फिकट आलीय." आपल्या रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या ऑक्टोबरपासून किरकोळ कर्जांना तथ्यपत्रक सक्तीचे केले: खरा व्याजदर काय, खर्च किती, सगळे कर्जदाराला आधी दाखवायचे. सुप्याच्या त्या शेतकऱ्यांना तेच तर हवे होते. फक्त दीडशे वर्षे आधी.

कर्जदाराने स्वतःची वही स्वतःच्या हाताने लिहावी, हे मात्र कायदा करून होत नाही. तो विचार घराघरांत नेला जपानमधल्या एका बाईने. मोतोको हानी या जपानच्या पहिल्या स्त्री-पत्रकारांपैकी एक. १९०४ साली त्यांनी 'काकेइबो' म्हणजे घरखर्चाची वही छापली. महिन्याच्या सुरुवातीला किती येणार आणि किती बाजूला टाकायचे ते ठरवायचे, मग उरलेल्यात संसार करायचा आणि रोज हाताने लिहायचे. जपानमध्ये अशा वह्या आजही विकल्या जातात. हे मी घरी सांगितले तेव्हा आमची सौ. म्हणाली, "त्यात जपान कशाला? माझी आई कॅलेंडरच्या मागे लिहायची." इतिहासात नाव व्हायला नुसते लिहून चालत नाही, छापावे लागते, हे तिला पटले नाही.

मग आला संगणक. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकनांनी 'व्हिसिकॅल्क' नावाचे आकडेमोडीचे तावपत्रक बाजारात आणले. एका चौकोनातला आकडा बदलला की बाकीचे चौकोन आपोआप बदलत. ज्यांनी रात्री अकरा वाजता खोडरबराने खतावणी खोडली आहे, त्यांनाच या चमत्काराची किंमत कळेल. १९८३ साली स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी 'इन्ट्यूट' ही कंपनी काढली. कुकसाहेबांच्या पत्नी घरची बिले भरताना वैतागल्या आणि त्यातून ही कल्पना निघाली, असे सांगतात. बायकोच्या वैतागातून आपल्याकडे निदान पंखा दुरुस्त होतो. तिकडे 'क्विकन' निघाले. मायक्रोसॉफ्टने १९९१ साली स्वतःचे 'मनी' काढले. मग सरळ इन्ट्यूटच विकत घ्यायचा घाट घातला, सरकारने कोर्टाचा रस्ता धरला आणि १९९५ मध्ये सौदा मोडला. २००९ साली त्या 'मनी'ची विक्री थांबली. ज्यांनी त्यात वर्षानुवर्षे भाजी-दूध लिहिले होते त्यांना नवी वही शोधावी लागली.

२००७ साली 'मिंट' आले. हे चक्क फुकट! तुमची सगळी खाती एकत्र दाखवी आणि कुठे किती उडवले त्याची रंगीत चित्रे काढी. मग कंपनी खात काय होती? तर तुमचा खर्च बघून तुम्हाला एखादे क्रेडिट कार्ड, एखादे खाते सुचवायचे आणि तुम्ही ते घेतले की त्या संस्थेकडून दलाली घ्यायची! कर्ज कसे आवरावे हे सांगणाऱ्यानेच हळूच नवे कार्ड पुढे करायचे, म्हणजे पथ्याचा तक्ता मिठाईवाल्याकडून घेण्यासारखे झाले. २००९ साली इन्ट्यूटने १७ कोटी डॉलरला मिंट विकत घेतले आणि २०२४ च्या मार्चमध्ये ते बंद केले. पेशव्यांचे रुमाल अडीचशे वर्षांनंतर उघडता येतात. मिंट सतरा वर्षेही पुरते टिकले नाही.

मेहुण्याचे सॉफ्टवेअर यापेक्षा सभ्य घराण्यातले आहे. जेसी मेचम नावाचा हिशेबशास्त्राचा विद्यार्थी होता. नवे लग्न, हातात पैसे कमी. त्याने घरच्यासाठी एक तावपत्रक केले आणि २००४ पासून ते विकायला काढले. पुढे त्याचे झाले 'वायनॅब'. तत्त्व सरळ आहे: हातात आलेल्या प्रत्येक डॉलरला काम नेमून द्यायचे. आमच्या आजीने साखरेच्या, चहाच्या, देवाच्या अशा डब्यांत पैसे ठेवले ते तत्त्व हेच. फक्त डब्यांना वर्गणी नव्हती. २०२४ साली ही वर्गणी वर्षाला १०९ डॉलर झाली. आपल्याकडच्या माणसाला बहुतेक नोंदी हातानेच भराव्या लागतात, म्हणजे लिहिण्याचे कष्ट वाचले असेही नाही. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे, आणि ती खऱ्या कारकुनाने मान्य केली पाहिजे. जो तुमच्याकडून उघडपणे पैसे घेतो, त्याला तुमच्या नावावर गुपचूप दुसऱ्याकडून घ्यायची गरज उरत नाही.

एवढा इतिहास झाल्यावर मी कागद घेतला आणि मेहुण्याला शेजारी बसवले. आता आकडे बघा. कार्डावर बाकी एक लाख. व्याज महिना साडेतीन टक्के धरा. असे दर कार्डांवर दिसतात. 'साडेतीन' ऐकायला किती गोंडस वाटते! वर्षाचे ते बेचाळीस होतात. तर महिन्याचे व्याज झाले ३,५०० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी ६३० रुपये. एकूण ४,१३०. मेहुणा भरतो किती? तर ५,०००. म्हणजे त्या महिन्यात मुद्दल कमी झाले फक्त ८७० रुपयांनी. हा 'फक्त' मात्र बरोबर जागी पडला आहे.

आता वर्गणी. डॉलर सोयीसाठी ८७ रुपयांचा धरला तर १०९ डॉलरचे झाले ९,४८३ रुपये, महिन्याला ७९० रुपये. तिकडे मुद्दल फिटते ८७०, इकडे फेडीचा हिशेब ठेवायला जातात ७९०!

"मग?" मेहुणा म्हणाला.

"मग हे बघ. नवी खरेदी बंद करून दरमहा पाच हजार भरलेस, तर कर्ज फिटायला ४४ महिने लागतील, आणि एकूण भरशील सुमारे २ लाख १६ हजार. ते ७९० रुपये सॉफ्टवेअरला न देता कार्डातच भरलेस, म्हणजे दरमहा ५,७९०, तर ३१ महिने आणि सुमारे १ लाख ७९ हजार. वर्षभर आधी सुटशील आणि ३७ हजार वाचतील."

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "पण भावोजी, सॉफ्टवेअर नाही घेतलं म्हणून ते सातशेनव्वद मी कार्डात भरीन, हे कशावरून?"

प्रश्न लाखातला होता; म्हणजे त्याच्या कर्जाएवढाच. त्यातच सगळे उत्तर आहे. माझा कागद गृहीत धरतो की माणूस शहाणा आहे. सॉफ्टवेअर गृहीत धरते की तो नाही. आणि सॉफ्टवेअरच्या अनुभवी बाजूने बोलायचे तर, एखाद्याला वर्गणी भरल्याशिवाय वही उघडावीशीच वाटत नाही. पैसे भरलेत म्हणून तो रोज बघतो आणि बघितल्यामुळे महिन्याला दोन हजारांची गळती सापडते. त्याला ७९० रुपये महाग नाहीत. ते वर्गणीचे दोन हजार नव्हेत, डोळे उघडल्याचे आहेत; पण डोळे त्याच दारात उघडत असतील तर तिथे जावे.

म्हणून माझा निकाल असा. चाळीस-पन्नास रुपयांची वही आणा किंवा संगणकावरचे फुकटचे तावपत्रक उघडा, आणि दोन महिने रोज लिहा. जमले, तर सॉफ्टवेअरची गरज नाही. नाहीच जमले, तर त्या कंपन्या सुरुवातीला काही दिवस फुकट वापरू देतात तेवढे दिवस वापरा. त्या काळात महिन्याच्या वर्गणीपेक्षा जास्त पैसे कर्जात *खरोखर भरले गेले*, तरच पुढची वर्गणी द्या. रंगीत चित्रे छान दिसली हे कारण धरू नका. आपल्या नोंदी दर महिन्याला उतरवून स्वतःजवळ ठेवा, कारण वही दुसऱ्याच्या घरी ठेवली की काय होते हे सुप्यालाही कळले आणि मिंटवाल्यांनाही. आणि कर्ज फिटले की वर्गणी बंद करा. पाय बरा झाल्यावर कुणी कुबडी भाड्याने ठेवत नाही.

कोणते कर्ज आधी फेडायचे? गणित सांगते, ज्याचे व्याज जास्त ते आधी. पण गाल आणि मॅकशेन या दोघा अमेरिकन संशोधकांनी २०१२ साली असे दाखवले, की ज्यांनी एकेक खाते पुरते बंद केले त्यांची शेवटपर्यंत कर्जमुक्त होण्याची शक्यता अधिक दिसली. म्हणजे माणसाला 'निरंक' हा शब्द एकदा बघायला मिळाला की हुरूप येतो. मी बँकेत आहे, मला हे संशोधनाशिवाय माहीत होते. खाते बंद करायला आलेल्या कर्जदाराचा चेहरा मी काउंटरवरून बघितला आहे. बेबाकीचा दाखला हातात घेताना तो जसा हसतो, तसा तो कर्ज मंजूर झाल्यावरसुद्धा हसलेला नसतो.

मेहुण्याने शेवटी वही घेतली. पहिल्या पानावर 'श्री' लिहिले आणि खाली पहिली नोंद टाकली: वहीचे पन्नास, पेनाचे तीनशे. "पेन कशाला रे तीनशेचे?" मी विचारले. तो म्हणाला, "लिहायला हुरूप यावा म्हणून." असो. निदान नोंद झाली. उरुकच्या कारकुनानेही सुरुवात बियरपासूनच केली होती.